उपकाराचा फोटो

ज्या बाईंनी माझ्या नवऱ्याच्या ऑपरेशनसाठी पैसे मिळवून दिले, त्यांना मी भरल्या हॉलमध्ये मान खाली घालायला लावली. त्याची मला आजही लाज वाटत नाही.

नवरा मरोळला एका वर्कशॉपमध्ये लेथ मशीनवर होता. आधी नुसता लंगडायला लागला. मग चाळीच्या जिन्यावर मधेच बसून राहायला लागला. डॉक्टर म्हणाले, खुब्याचा सांधा झिजून गेलाय, बदलावा लागेल. शेठने थोडे दिवस पगार दिला आणि मग फोन उचलणं बंद केलं. मी घाटकोपरला साड्यांच्या दुकानात होते, सेल्सला. माझ्या पगारात विक्रोळीची खोली आणि मुलीची शाळा कशीबशी निघत होती. नातेवाईकांकडून आणायचं तेवढं आणून झालं होतं. शेवटी हॉस्पिटलमधल्या समाजसेविकेने मुलुंडच्या एका ट्रस्टचा पत्ता दिला.

ट्रस्टच्या मॅडम घर बघायला आल्या, तेव्हा मी चादरी धुऊन, भांडी घासून खोली लख्ख ठेवली होती. तिथेच चुकलं. आत पाऊल टाकल्या टाकल्या त्या म्हणाल्या, "छान ठेवलंय की घर!" पण सूर कौतुकाचा नव्हता. फ्रिज उघडून बघितला. टीव्ही कधी घेतला ते विचारलं. मग गॅसवरच्या पातेल्याचं झाकण स्वतःच्या हाताने उचललं. आत बांगड्याचं तिखलं होतं. त्या दिवशी शेजारच्या वहिनींनी पाठवलेलं.

"मासे परवडतात वाटतं," मॅडम म्हणाल्या.

सासूबाई कोपऱ्यात लसूण सोलत बसल्या होत्या. त्यांनी वर न बघताच विचारलं, "गरिबान माशे खावचे नाय, ह्यो खयचो कायदो?"

मॅडमना मालवणी कळली नसावी, किंवा कळूनही त्यांनी दुर्लक्ष केलं असेल. त्यांनी फोन काढला. टीव्हीवर चादर टाकायला सांगितली. नवऱ्याला कॉटवर आडवं केलं आणि मुलीला त्याच्या पायाशी बसवलं. मुलगी तेव्हा नववीत. फोटो काढताना लाजून हसली बिचारी.

"हसू नकोस गं. चेहरा जरा पाड. बाबा आजारी आहेत ना तुझे?"

मुलीने चेहरा पाडला. मी बघत उभी राहिले, कारण मला पैसे हवे होते.

पैसे मिळाले. अर्धे ऑपरेशनआधी थेट हॉस्पिटलला गेले, उरलेले नंतर देऊ म्हणाले. ऑपरेशन चांगलं झालं. नवरा वॉकर धरून पॅसेजमध्ये चार पावलं टाकायला लागला, तेव्हा मी मॅडमना फोन करून मनापासून आभार मानले. हे सांगितलंच पाहिजे. त्या दिवसापर्यंत झाकणाचा राग मी गिळून टाकला होता.

मग एक दिवस मुलगी शाळेतून आली ती दप्तर फेकून भिंतीकडे तोंड करून झोपली. ट्रस्टने तो फोटो व्हॉट्सॲपवर फिरवला होता. वर लाल अक्षरांत लिहिलं होतं, 'या चिमुकलीच्या डोळ्यांतले अश्रू पुसाल का?' फिरत फिरत तो तिच्या वर्गातल्या पालकांच्या ग्रुपवर आला. वर्गात कोणीतरी तिला रुमाल नेऊन दिला होता. अश्रू पुसायला. सगळे हसले म्हणे. त्यानंतर ती शाळेत जायलाच तयार होईना.

मी मॅडमना फोन लावला. "आम्हाला न विचारता फोटो कसा टाकलात?"

"अहो, फोटो बघूनच लोक पैसे देतात. तुम्हाला मिळाले ना? मग?"

त्या 'मग?'ने माझं डोकं फिरलं. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "जाऊ दे ना. माझा पाय त्यांच्यामुळे उभा राहिला. उरलेले पैसे पण यायचेत अजून." तो बरोबर बोलत होता, आणि त्याचाच मला जास्त राग येत होता.

संधी मॅडमनीच दिली. ट्रस्टचा वार्षिक कार्यक्रम होता. मदत मिळालेल्या एका कुटुंबाने स्टेजवर दोन शब्द बोलायचे होते. "तुम्ही बोला," मॅडम म्हणाल्या, "तुम्हाला बोलता येतं. आणि हो, साडी साधीच नेसा, जुनी असेल तर उत्तम." काय बोलायचं तेही त्यांनीच सांगितलं. आमच्या घरात अंधार होता, ट्रस्ट देवासारखा धावून आला, वगैरे. मी फोनवर गोड आवाजात सगळं पाठ म्हणून दाखवलं. "झकास!" म्हणाल्या.

कार्यक्रमाच्या दिवशी मी माझ्या लग्नातला हिरवा शालू काढला. नवऱ्याने विचारलं, "एवढी नटून कुठे?" मी म्हटलं, "आभार मानायला."

हॉल भरलेला होता. मॅडमनी माझा शालू बघितला आणि त्यांचं हसू जागीच थिजलं, पण तोवर माझं नाव पुकारलं गेलं होतं. मी माईक हातात घेतला. पैसे देणाऱ्या सगळ्यांना आधी हात जोडले, कारण त्यांच्याशी माझं भांडण नव्हतं. मग म्हटलं, "आता पैसे मिळाले कसे, ते सांगते."

सगळं सांगितलं. झाकण, चादर, पाडलेला चेहरा, रुमाल. आवाज चढवला नाही. गिऱ्हाइकाला साडी उलगडून दाखवावी तसं एकेक दाखवत गेले. पुढच्या रांगेतली कुजबुज थांबली. मॅडम स्टेजवरच खुर्चीत बसल्या होत्या. मी पर्समधून फोन काढला आणि त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले.

"मॅडम, एक फोटो काढू? हसू नका हं. चेहरा जरा पाडा."

पाडायला सांगायची गरजच नव्हती. मी फोटो काढला. कोणीतरी मागून येऊन माझ्या हातातला माईक घेतला. मी पायऱ्या उतरून हॉलबाहेर आले. आत इतकं शांत कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं.

घरी आल्यावर फोटो मुलीला दाखवला. तिने बोटांनी मोठा करून बघितला, पुन्हा बघितला, आणि विचारलं, "आई, त्याच ग्रुपवर टाकू?" मी म्हटलं, "टाक." संध्याकाळपर्यंत तो कुठल्या कुठे पोचला होता. सोमवारी ती शाळेत गेली.

उरलेले पैसे ट्रस्टने दिले. एवढ्या लोकांनी ऐकल्यावर नाही कसे देणार? पैसे हॉस्पिटलला पोचल्याचं एका वयस्कर ट्रस्टींनी फोन करून सांगितलं, दिलगिरीही व्यक्त केली. घरं बघायला आता त्या मॅडमना पाठवत नाहीत, असंही म्हणाले. मी "बरं" म्हटलं. मॅडमवर दया करा, असं माझ्या तोंडून येईल असं त्यांना वाटलं असावं. आलं नाही.

नंतर एकदा मुलुंडच्या भाजी मार्केटात मॅडम दिसल्या. मला बघून त्या वळल्या. मी मुद्दाम गाड्यांना वळसा घालून त्यांच्यासमोर गेले.

"ओळखलंत का मॅडम?"

"जरा घाईत आहे," त्या म्हणाल्या आणि कोथिंबीर न घेताच निघून गेल्या. मी घरापर्यंत एकटीच हसत आले.

नवरा अजून माझ्यावर नाराज आहे. "वाईट वागल्या असतील, पण पैसे आणले ना त्यांनी?" असं म्हणतो. तो आता काठीशिवाय चालतो, पुन्हा मशीनवर उभा राहतो. दिवाळीत पगार झाला की त्या ट्रस्टला गुपचूप काहीतरी पाठवतो, ते मला माहीत आहे. पाठवू दे. त्याचे पैसे आहेत. मी मात्र दमडी देणार नाही.