मावशीची पाठ

वसईचा व्हॅलेरियन तुस्कानो निदान झोपेत तरी कुणावर जळत नसावा, असं त्याच्या मित्रांना वाटे. बायको कॉन्स्टन्स म्हणे, "झोपेतही जळतो. फक्त नावं नीट ऐकू येत नाहीत." शेजाऱ्याचं लॉन हिरवं झालं की याचा चेहरा पिवळा. चर्चच्या जेवणात दुसऱ्याच्या घरच्या डुकराच्या सोरपोतेलला कुणी दोनदा हात घातला की याची भूक मेली.

ऑस्ट्रेलियात येऊन मेलबर्नजवळच्या डँडेनॉन्गच्या कारखान्यात तीन वर्षं नट पिळून तो डोंगरापलीकडच्या एका छोट्या प्राणिसंग्रहालयात कीपर म्हणून लागला, आणि तिथे त्याला मावशी भेटली. मावशी म्हणजे युरोपातून आलेलं लिंक्स जातीचं रानमांजर. मांजर जर वाघाची मावशी, तर मांजराच्या चौपट असलेल्या या बाईला दुसरं काय म्हणणार? गोरे सहकारीसुद्धा "माऊशी" म्हणत. त्यांना ते लॅटिन वाटे. कानांच्या टोकांवर काळे झुपके. शेपूट अशी आखूड, की शिंप्याचं कापडच संपलं असावं. आणि बर्फात रुतू नयेत म्हणून देवाने दिलेली लोकरी चपलांसारखी रुंद पावलं. मेलबर्नच्या मार्चमध्ये बिचारी त्या चपला घालून सावली शोधत फिरे.

पाच वर्षं व्हॅलेरियन तिला ससे खाऊ घालत होता. तिला दुसरं कुणी आवडत नाही, अशी त्याची खात्री होती. तेवढ्या एका बाबतीत तो सुखी होता.

१९७८च्या नोव्हेंबरात मावशीला एक पिल्लू झालं आणि पाठोपाठ पुण्याचा संजीव आला. लिंक्सवर पीएच.डी. केलेला, बारीक चणीचा आणि अगदी कमी बोलणारा. युरोपातल्या एका डोंगरात बंदुकांनी लिंक्स संपवले होते. तिथे पुन्हा सोडायला पिल्लं हवी होती. मावशीचं पिल्लू जाऊ शकत होतं. अट एकच.

"त्याने माणसाला ओळखता कामा नये," संजीव म्हणाला. "मांस भिंतीतल्या खिडकीतून सरकवायचं. तोंड दाखवायचं नाही, बोलायचं नाही."

"नो वरीज, मेट," व्हॅलेरियन म्हणाला.

वरी दुसऱ्याच दिवशी सुरू झाली. संजीव समोरच्या उतारावर दुर्बीण घेऊन बसे, आणि मावशी तासन् तास त्याच्याकडे एकटक बघत राही. पापणी हलत नसे. व्हॅलेरियनने झुडपाआडून हे पाहिलं आणि हातातला ससा बादलीत आपटला. पाच वर्षं ससे मी घातले, आणि डोळे भरून बघते त्या पुणेकराकडे!

त्याने वसईकराचं ब्रह्मास्त्र काढलं. डँडेनॉन्गच्या श्रीलंकन दुकानातून आणलेले सुके बोंबील रोज खिशात जाऊ लागले. संजीव जेवायला गेला की हा कुंपणाशी. मावशी येई, घुरघुरत बोंबील खाई. चौथ्या दिवशी तिच्या मागून पिल्लूही आलं आणि जाळीतून त्याची बोटं चाटू लागलं. व्हॅलेरियनला वाटलं, जिंकलो.

एप्रिलमध्ये संजीवने त्याला गाठलं.

"व्हॅल, तुमचे बूट वाजले की पिल्लू कुंपणाकडे धावतं. का?"

व्हॅलेरियनने खिशावर हात ठेवला. खिसा मात्र वासाने दहा पावलांवरून बोलत होता.

"जंगलात बूट वाजले म्हणजे मागे बंदूक असते," संजीव म्हणाला. "ते धावत जाईल. आणि गोळी खाईल. ऑगस्टमध्ये तपासणी आहे. माणूस पाहून ते पळालं नाही, तर इथेच राहील. जन्मभर."

घरी हे ऐकून कॉन्स्टन्सने रिकामा डबा आपटला. "माझे बोंबील गेले ते गेले. पण पोरीचं सासर मोडलंस रे!"

"पोरगी नाही, पोरगा आहे."

"मग तर आणखीच लाज!"

पिल्लू फक्त याचेच बूट ओळखत होतं, तेव्हा घाबरवणंही यालाच भाग होतं. दुसऱ्या दिवसापासून व्हॅलेरियन कॉन्स्टन्सचं पातेलं आणि पळी घेऊन कुंपणाशी जाई, ठणाणा वाजवी, ओरडे. पहिल्या दिवशी पिल्लू खेळ समजून पुढे आलं. त्याने डोळे मिटून पातेलं आणखी जोरात बडवलं. दहाव्या दिवशी ते दचकलं. महिन्याने बुटांचा आवाज आला की खडकाआड नुसता एक झुपका हले. त्या काळात व्हॅलेरियन खडकावरही जळला.

ऑगस्टमध्ये युरोपातल्या प्रकल्पाचा माणूस आला. "चालत जा," तो व्हॅलेरियनला म्हणाला. खिसे रिकामे, पातेलं घरी. नुसते बूट. कुंपण वीस पावलांवर आलं आणि पिल्लू गवतात असं विरघळलं, की पाहुण्याने दुर्बिणीनेही शोधून हात टेकले. त्याने वहीत खूण केली.

मावशी मात्र हलली नाही. तिने व्हॅलेरियनकडे एकदा पाहिलं, सावकाश पाठ फिरवली आणि पंजा चाटत बसली.

व्हॅलेरियनचं तोंड उतरलं. तो शेजारच्या संजीवला म्हणाला, "ठणाणा ऐकून हीसुद्धा गेली. तुझ्याकडे कशी बघत बसायची!"

संजीव पहिल्यांदाच हसला. "अहो, विश्वास नसतो त्याच्यावरच ही डोळा ठेवते. दीड हजार तास मी तिचे डोळे बघितले. पाठ एकदाही नाही."

व्हॅलेरियन बराच वेळ त्या ठिपकेदार पाठीकडे बघत राहिला. गवतात कुठेतरी त्याचं पोरगं त्याला भिऊन दडलं होतं, सासरी जायला अगदी तयार. त्याने शर्टाच्या बाहीने डोळे पुसले आणि संजीवच्या पुढे येऊन उभा राहिला.

"बाजूला हो," तो म्हणाला. "तुला बघून वळेल ती."