दुपारच्या सुट्टीतली धार

परीक्षा तोंडावर आली असताना एका दिवशी माझा जर्मनचा अभ्यास चुकला, म्हणून मी जर्मन शिकणंच सोडून दिलं.

हे वाचून माझ्या गावचे, पिंपळवंडीतले, हसतील. हसा राव! पण नर्सिंग करून माझ्यासारखेच जे इकडं जर्मनीत आलेत, त्यांना ठाऊक आहे: ही परीक्षा निघाली तर नोकरी, नाही तर परतीचं विमान.

निघालो त्या पहाटे धुकं इतकं होतं, की गोठ्यातला बल्ब खाली उतरलेल्या चंद्रासारखा दिसत होता. "रोज थोडं थोडं बोलत ऱ्हा," आबा म्हणाले. माझे वडील एवढंच बोलले आणि जर्सी गाईच्या धारेला बसले. स्टँडवर सोडायलाही आले नाहीत. मंचर मागं पडेपर्यंत मी रुसून होतो.

इथं रोज संध्याकाळी मोठ्यानं वाचायचो. एकदा ड्यूटीवरून आलो आणि बूट काढता काढता डोळा लागला. स्वप्नात मी गाईसाठी कडवळ कापत होतो आणि ते कडवळ माझ्याशी अस्खलित जर्मन बोलत होतं. जाग आली तर सकाळ. झालं! मोडलंच आहे तर नीट मोडू, म्हणून पुढं कितीतरी दिवस पुस्तक उघडलंच नाही. सोमवारपासून सुरू करू, म्हणायचो. इथले सोमवार लई लवकर सरतात.

मी वृद्धाश्रमात काम करतो. माझ्या दुपारच्या सुट्टीत गावाकडं संध्याकाळच्या धारा चालतात. त्या दुपारी बर्फ भुरभुरत होतं. 'जमत नाही, परत येतो' हे सांगायला आश्रमामागच्या बाकावरून आबांना व्हिडिओ कॉल लावला. त्यांनी मोबाईल गव्हाणीला टेकवला. मी तोंड उघडणार, तोच जर्सीनं लाथ झाडली. बादली आडवी, दूध शेणात. आबांनी तिला सणसणीत शिवी हासडली, बादली धुतली आणि पुन्हा खाली बसले.

"आता कशाला?" मी विचारलं.

"ऱ्हायलेलं काढाया नको? आन् सकाळी परत हायेच की. तू काय म्हणत व्हतास?"

"काय न्हाई. वाचून दाखवू का?"

तेव्हापासून मी बर्फात वाचतो, आबा गोठ्यात धार काढतात. मधेच डोळे मिटले की धारेचा आवाज अगदी कानाशी येतो, ओल्या वैरणीचा वासही येतो. एखादा दिवस आजही चुकतो. रेंज जाते, नाही तर मीच विसरतो. दुसऱ्या दिवशी आबा 'काल कुठं व्हतास' असं विचारत नाहीत, मोबाईल टेकवतात. घर म्हटलं की आता मला गावाच्या आधी ती वेळ आठवते.

परीक्षा काठावर निघाली. आबांना सांगितलं आणि वर फुशारकी मारली, "बघितलंत? माझं जर्मन ऐकून जर्सी आता लाथ मारत न्हाई!"

"तिचं पाय बांधल्यात," आबा म्हणाले. "तुझं तोंड तेवढं बांधता येत न्हाई."