वाल्डाचं नाक

वाल्डाचं नाक गेलं ते मागच्या तापात. ताप उतरला, खोकला सरला, पण वास काही परतला नाही. ना धुराचा, ना माशाचा, ना चहाचा. हे तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं. सांगणार तरी कोणत्या तोंडानं? सायकस या ताडासारख्या झाडाच्या बियांतलं विष पाण्यात उतरलं की नाही, हे वासावरून ओळखण्यात समुद्रकाठच्या त्या वस्तीत तिचाच शब्द शेवटचा. चाळीस वर्षं शेवटचा!

आणि नेमका आत्ताच तिचा धाकटा भाऊ गेला. गेलेल्याचं नाव घ्यायचं नाही, म्हणून आता सगळे नुसतं 'तो' म्हणत. उद्या दुपारी विमानानं त्याला आणणार होते, आणि मातीला चार वस्त्यांतले पाहुणे येणार होते. त्यांच्यातल्या म्हाताऱ्यांपुढं सायकसची भाकर ठेवायलाच हवी. दुकानातला पाव ठेवायला तो काय परका होता?

सोलून फोडलेल्या बिया केवड्याच्या पात्यांच्या पिशवीत भरून डोहात बुडवलेल्या, त्याला आज पाचवा दिवस. सकाळी वाल्डा नातीला घेऊन पाण्यावर गेली. टार्नी एकोणीस वर्षांची, लेकीची लेक. सात वर्षांची होती तेव्हापासून आजीच्या मागं इथं येई. मधली दोन वर्षं तेवढी शिकायला डार्विन शहरात होती.

वाल्डानं मूठभर बिया काढल्या, सवयीनं नाकाशी नेल्या. काही नाही.

"टार्नी, तू सांग बघू."

"मी? परवा तर म्हणालीस, मध्ये नाक खुपसू नकोस!"

"आज खुपस. बोलू नकोस फार."

टार्नीनं वास घेतला. बी चिमटीत दाबली, पुन्हा वास घेतला. "नाही झालं, आजी. वरवर बरं वाटतंय, पण मागं तो उग्र वास आहे अजून."

तेवढ्यात वाल्डाची बहीण नोएलीन धापा टाकत आली. "ताई, काढ पिशवी. वाटायला बाया बसल्यात, निखारे तयार आहेत." तिनं एक बी उचलून हुंगली. "झालंय की! मस्त झालंय."

"टार्नी म्हणते नाही झालं."

"टार्नी म्हणते! अगं, कालपर्यंत अंगभर अत्तर फासून हिंडत होती ही. हिला काय कळतंय?"

"आणि तुझ्या नाकाला सिगारेटीखेरीज काय कळतं गं?" वाल्डा फणकारली.

"बरं बाई, नाही कळत. मग तू सांग ना! तू म्हणालीस तर उद्यापर्यंत थांबीन. पोरीच्या शब्दावर नाही थांबणार."

वाल्डानं बिया पुन्हा नाकाशी नेल्या; वास नाहीच. बिया कच्च्या निघाल्या तर म्हातारे, पोरंबाळं सगळे ओकत लोळतील. मातीला आलेल्यांतलंच कुणी दगावलं तर? 'नाही झालं' एवढं म्हटलं की आज सुटली असती. पण तो शब्द वाल्डाचा म्हणून धरला असता, पोरीचा नव्हे. मग आपण गेल्यावर या पोरीचं कोण ऐकणार?

"मला वास येत नाही, नोएलीन," ती एका दमात बोलून गेली. "तापानंतर गेला. पोरीला येतो. ती म्हणते नाही, म्हणजे नाही."

नोएलीननं आ वासला. टार्नी आजीकडं बघतच राहिली. मग तिनं पिशवी पुन्हा पाण्यात सोडली.

दुसऱ्या दिवशी उजाडताच टार्नी म्हणाली, "झालं." बायांनी बिया घाईघाईनं दगडावर वाटल्या, त्या पिठाच्या भाकरी झाडाच्या सालीत गुंडाळून भाजल्या. पहिला घास वासावरून ठरवणारीनं खायचा आणि इतरांनी दुपारपर्यंत थांबायचं, हा त्या बायकांचा नियम. वाल्डानं सवयीनं हात पुढं केला. टार्नीनं तिच्याआधी तुकडा मोडून गिळलासुद्धा.

"अगं!"

"काल तूच म्हणालीस ना, ती म्हणते म्हणजे तसंच?"

चाळीस वर्षं हा घास वाल्डानं बेफिकीर खाल्ला होता. पहिल्या वेळी शेजारी बसून तिची आई काय भोगत होती, ते तिला आज कळलं. देवा, या पोरीला कशाला शिकवलं मी!

"पोटात कसं वाटतंय गं?"

"आजी, आत्ताच तर गिळला!"

"घाम का आलाय मग?"

"ऊन आहे, आजी. तुलाही आलाय."

दुपारपर्यंत वाल्डानं पोरीच्या तोंडावरची नजर काढली नाही. तिला चहा जाईना. वर विमानाची घरघर झाली, बायकांनी रडायला सुरुवात केली, तरी ती जागची हलली नाही. शेवटी नोएलीन भाकरींची पाटी घेऊन आली, वाल्डाला ओलांडून पुढं गेली आणि टार्नीसमोर थांबली.

"काय गं, वाढू का?"

"वाढ," टार्नी म्हणाली.

वाल्डाला कुणी विचारलंच नाही. बरंच झालं, तिला हुंदका आवरत नव्हता.