सुई खाली ठेवणाऱ्या शालनमावशी

शालनमावशी कधी कुणाच्या हातात सुई द्यायच्या नाहीत. आम्ही खांदेश्वरला राहायला आलो तेव्हा सामान चढवताना सोफ्याची शिवण उसवली, म्हणून मी शेजारी सुई मागायला गेले. मी हात पुढे केला, तर त्यांनी सुई फरशीवर ठेवली. "खाली ठेवती, तू उचल. हातात दिली की भांडाण हुतं." मला तर तिथेच भांडावंसं वाटलं, कारण सुईसुद्धा चंद्रकोरीसारखी वाकडी होती. "मोडकी देताय होय?" मी म्हटलं. "सोफ्याच्या आतनं हात घालाय येतोय का? मग वाकडीच पायजे," म्हणाल्या, आणि स्वतः येऊन शिवून गेल्या.

त्या साताऱ्याकडच्या. नवरा वाशीच्या बाजारात पोती वाहायचा. जुन्या कांबळ्याच्या तुकड्यात मावशींच्या सगळ्या सुया टोचलेल्या असत. फाटक्या गोणीसाठी चपट्या टोकाचं दाभण, चपलेसाठी तीन धारांची, स्वेटरसाठी बोथट, गोधडीसाठी लांब आणि जाड. मी एकदा चपलेची सुई स्वेटरला लावली, तर दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. "ज्येची त्येला घालावी," एवढंच तिसऱ्या दिवशी म्हणाल्या.

नवरा गेल्यावर मावशी एकट्याच राहायच्या. मुलगी सुनंदा उरणला दिलेली. लग्नाला बरीच वर्षं झाल्यावर तिला दिवस गेले, तेव्हा मावशींनी नवऱ्याचे बाजारातले सदरे बाहेर काढले. पोत्यांनी खांद्यावर विरलेले, धुऊन धुऊन मऊ झालेले. "बाळाच्या अंगाला आज्याचा सदरा लागू दे," म्हणाल्या आणि गोधडी शिवायला बसल्या.

त्याच सुमारास त्यांचं पोट दुखायला लागलं. डॉक्टरांनी सांगितलं, आता उशीर झालाय. तिकडे सुनंदाला अंथरुणातून उठायची बंदी होती, त्यामुळे मायलेकींची भेट फक्त फोनवर. मावशींना आता एकच हवं होतं, बाळ यायच्या आत गोधडी पुरी व्हावी. मी शिवते म्हटलं तर ऐकतील कशाला? "तुजा टाका लांब पडतोय. बाळाचं बोट अडकंल त्यात." "मग बसा तुमचं तुम्हीच," असं चिडून म्हणायची मी, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा सुईत दोरा ओवायला जायची.

एकच बाजू उरली होती तेव्हा त्यांची बोटं सुईवर मिटेनाशी झाली. त्यांनी माझा हात ओढून घेतला आणि सुई तळहातावर ठेवली.

"मावशी, हातात?"

"घे. आता भांडाय मी कुठं ऱ्हातीया." थोड्या वेळाने म्हणाल्या, "टाका बारीक घाल."

त्याच आठवड्यात त्या गेल्या. मी गोधडी पुरी केली. किती वेळा उसवली ते मलाच ठाऊक. मनातल्या मनात त्यांची बोलणी खात होते, आणि ती खरी हवी होती.

सुनंदाला मुलगी झाली. गोधडी घेऊन मी उरणला गेले. तिने बाळाला त्यात गुंडाळलं, खांद्यापाशी विरलेल्या कापडावरून बोट फिरवलं आणि रडली. आईची सुई तिच्याकडेच असावी म्हणून मी ती पर्समधून काढून पुढे केली.

सुनंदाने हात मागे घेतला.

"खाली ठेवा काकू," ती म्हणाली. "मी उचलते."