साडेनऊचा हॉस्पिटल रिपोर्ट

हार्लन्स फोर्जचं रेडिओ स्टेशन हार्डवेअरच्या दुकानाच्या माडीवर होतं. दोन खोल्या, एक माइक आणि जीन रुपर्ट नावाचा एक माणूस. दिवस उगवला की सुरू, मावळला की बंद. लायसन्सच तेवढं होतं. पण स्टेट कॉलेज नावाच्या शहरापासून अर्ध्या तासावरच्या त्या गावात जीनच्या आवाजाशिवाय कुणाची सकाळ होत नसे. कुणाचा कुत्रा हरवला, कुठल्या चर्चमध्ये शनिवारी जेवण आहे, बर्फामुळे कुठली शाळा बंद, सगळं तोच सांगायचा. स्टेशन बंद पडलं त्याला आता काही काळ लोटला, तरी जुनी माणसं त्याची आठवण काढतात, आणि बोलता बोलता गोष्ट रमाबाई ढोकेंवर येते. गावाच्या तोंडी त्या 'मिसेस डोके'. रमाबाईंनी कधी दुरुस्त केलं नाही. डोकं तर डोकं, म्हणायच्या.

रमाबाई नागपूरच्या. सरकारी दवाखान्यात चौतीस वर्षं नर्स, त्यातली शेवटची आठ वर्षं वॉर्डाच्या इन्चार्ज सिस्टर. रिटायर झाल्या, पाठोपाठ नवरा गेला, आणि त्र्याण्णवच्या सप्टेंबरात विवेकनं, त्यांच्या एकुलत्या एका मुलानं, त्यांना अमेरिकेत आणलं. विवेक गावाबाहेरच्या कारखान्यात इंजिनियर, सून प्रणिता युनिव्हर्सिटीच्या लायब्ररीत, नात दीक्षा पहिलीत. साडेआठला तिघंही बाहेर पडत आणि संध्याकाळपर्यंत घर रमाबाईंच्या ताब्यात. ताब्यात म्हणजे पोळ्या लाटायच्या आणि खिडकीतून रस्ता पाहायचा. चाळीस खाटांचा वॉर्ड चालवलेल्या बाईला तीन खोल्या कितीशा पुरणार?

बर्फ पडायला लागल्यावर प्रणितानं स्वयंपाकघरातला रेडिओ लावून दिला. शाळा बंद असली तर कळावं, एवढाच हेतू. रमाबाईंनी तो पुन्हा बंद केला नाही. जीनचं बोलणं त्यांना फारसं उमगत नसे, त्याचे विनोद तर अजिबातच नाही. पण एका सकाळी साडेनऊला तो एक यादी वाचू लागला आणि त्यांचं लाटणं थांबलं. कोण अ‍ॅडमिट झालं, कुणाला डिस्चार्ज मिळाला, कुणाला मुलगी झाली. गावातल्या छोट्या हॉस्पिटलातली नावं जीन रोज वाचायचा. रमाबाईंचं सगळं इंग्रजी वॉर्डात शिकलेलं. अमेरिकेत आल्यापासून पहिल्यांदाच त्यांना एक अख्खं बोलणं कळलं.

एकच शब्द चकवत होता. यादीच्या शेवटी जीनचा आवाज हळू व्हायचा आणि अमका 'पास्ड अवे' असं तो म्हणायचा. पेशंट पास झाला, म्हणजे दुसऱ्या दवाखान्यात पाठवला असणार, असं रमाबाई आठवडाभर समजत होत्या. शेवटी दीक्षाला विचारलं. "इट मीन्स डेड, आजी," दीक्षा कार्टूनवरची नजर न काढता म्हणाली. रमाबाई त्या रात्री जेवल्या नाहीत. आठवडाभरात सहा माणसं गेली होती आणि त्यांना वाटत होतं, सगळी सुखरूप आहेत.

मग त्या नीट लक्ष ठेवू लागल्या. यादी लिहून काढायची गरज नव्हती; ड्यूटी बदलताना चाळीस पेशंटांची हकीकत तोंडपाठ सांगायची सवय होती. डोरिस केसलर नावाची कुणी बाई गुरुवारी अ‍ॅडमिट झाली. त्या आठवड्यात डिस्चार्जमध्ये तिचं नाव आलं नाही, पुढच्या आठवड्यातही नाही. अकरा दिवस झाले. जेवताना रमाबाईंनी विषय काढला, की अकरा दिवस म्हणजे खुब्याचं हाड असावं, कुणीतरी जाऊन पाहून यायला हवं.

"आई, आपण त्यांना ओळखत नाही," विवेक म्हणाला. "इथे असं कुणी जात नाही. उगाच प्रॉब्लेम होईल."

रमाबाईंच्या ग्रीन कार्डाची फाइल तेव्हा अडकलेली होती आणि कुठल्याही नव्या गोष्टीची विवेकला धास्ती वाटायची. रमाबाईंनी वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी साडीवर कोट चढवला, पायात प्रणिताचे बूट घातले आणि सहा चौक चालत हॉस्पिटल गाठलं. तुम्ही नातेवाईक आहात का, असं काउंटरवरच्या बाईनं विचारलं. नर्स, रिटायर्ड, असं रमाबाईंनी सांगितलं. भेटायची वेळ चालूच होती. बाईनं खोली दाखवली.

डोरिस सत्तरीच्या पुढची होती. खुबाच मोडला होता. मुलगा टेक्ससला, शेजारीण स्वतः आजारी, त्यामुळे अकरा दिवसांत भेटायला फक्त पाद्री येऊन गेला होता. रमाबाईंनी आधी चादर वर करून तिच्या टाचा पाहिल्या. डाव्या टाचेला लाली धरली होती, पडून पडून होणाऱ्या जखमेची सुरुवात. त्यांनी टॉवेलची घडी करून पायाखाली सारली, ड्यूटीवरच्या मुलीला बोलावून दाखवलं, मग उशी सरळ केली. डोरिस हे सगळं पाहत होती.

"मी तुम्हाला ओळखते का?" तिनं विचारलं.

"नाही," रमाबाई म्हणाल्या. "रेडिओनं सांगितलं."

डोरिसला हसू आलं, हसताना ठसका लागला, आणि तिनं पाण्यासाठी हात पुढे केला. रमाबाईंनी ग्लास तिच्या ओठांना लावला. नोकरीच्या पहिल्या वर्षी, सत्तावन्न साली, एका बाईनं त्यांच्या हातचं पाणी नाकारलं होतं. दुसरी सिस्टर येईपर्यंत ती तासभर कोरड्या घशानं भिंतीकडे तोंड करून पडून होती. रमाबाईंनी हे कधी नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं. डोरिसचं पाणी पिऊन झालं, तरी त्या ग्लास धरून तशाच उभ्या होत्या.

मग मंगळवार आणि शुक्रवार ठरून गेले. आठवड्याहून जास्त दिवस ज्याचं नाव डिस्चार्जमध्ये आलं नाही, त्याच्याकडे जायचं. सगळे खूश होत असं नाही. एका म्हाताऱ्यानं, परक्या माणसानं आपल्याला हात लावलेला चालणार नाही, असं नर्सला सुनावलं. रमाबाई गुपचूप बाहेर आल्या आणि पुढच्या खोलीत गेल्या. तोंड फिरवणारी माणसं त्यांना नवीन नव्हती.

विवेकला हे कळलं ते रेडिओवरूनच. कारखान्यात कुणाच्या तरी टेबलावर स्टेशन लागलेलं होतं आणि जीन सांगत होता, की हॉस्पिटलातल्या मंडळींनी मिसेस डोकेंचे आभार मानायला सांगितलं आहे. विवेक घरी आला तो कान लाल करून. आपल्याला का सांगितलं नाहीस, एवढंच त्यानं विचारलं. सांगितलं होतं, जेवताना, असं रमाबाई म्हणाल्या. बर्फातून चालत मात्र जाऊ नकोस, असं सांगून तो झोपायला गेला. त्या चालतच जात राहिल्या.

अशी चार वर्षं गेली. सत्त्याण्णवच्या ऑक्टोबरात एका सोमवारी रेडिओतून नुसती खरखर आली. रमाबाईंनी तो आपटून पाहिला. विवेकनं सेल बदलले, मग नवा रेडिओ आणला, त्यातही तीच खरखर. शनिवारी तो त्यांना घेऊन हार्डवेअरच्या दुकानात गेला. जीन तिथे खाली खिळ्यांच्या खोक्यांमागे उभा होता; आता तो दुकानातच काम करत होता. स्टेशन बाहेरच्या कुठल्याशा कंपनीनं घेतलं, त्यांना चालवायचं नव्हतंच, शुक्रवारी दुपारी फोन आला आणि निरोपाचे चार शब्दही बोलू दिले नाहीत, असं त्यानं सांगितलं. सव्वीस वर्षं तो त्या माइकवर बोलत आला होता.

मग त्यानं शर्टाच्या खिशातून घडी केलेला कागद काढला. आठवडाभर रोज सकाळी त्याचे पाय सवयीनं हॉस्पिटलकडे वळले होते. तिथली कारकून बाई यादी हातात ठेवायची. आता नको, असं म्हणायचं धाडस त्याला होईना, आणि कशाला हवी, असं तीही विचारीना.

रमाबाईंनी कागदाकडे पाहिलं. "वाचा," त्या म्हणाल्या.

जीननं घसा साफ केला आणि काउंटरवर दोन्ही हात टेकून, रेडिओवर वाचायचा तशी, ती यादी वाचली. रंगाचा डबा घ्यायला आलेला माणूस टोपी काढून थांबला. वाचून झाल्यावर जीननं विवेककडून घरचा फोन नंबर लिहून घेतला.

तेव्हापासून रोज साडेनऊला ढोक्यांच्या घरी फोन वाजू लागला. दुकान नऊला उघडायचं, पहिला तासभर गिऱ्हाईक बेताचंच असायचं, तेवढ्यात जीन यादी वाचून घ्यायचा. ऐकणाऱ्या एकट्या रमाबाई; पण तो एक नाव गाळत नसे, आणि शेवटच्या नावांना आवाज तसाच हळू करायचा. दीड वर्ष हे चाललं. पुढे पेशंटांची नावं बाहेर द्यायची नाहीत असा हॉस्पिटलचा नियम झाला. त्यांनी रमाबाईंना व्हॉलंटियरचा बिल्ला दिला, आणि यादी त्यांच्या हातात थेट वॉर्डातच मिळू लागली.

त्याआधीच्या हिवाळ्यातली एक सकाळ मात्र रमाबाईंच्या मनात राहिली. विवेक तापामुळे घरी होता. रमाबाई न्हाणीघरात असताना फोन वाजला. बाहेर येऊन पाहतात तर विवेक पायजम्यावर, रिसीव्हर कानाला लावून, भिंतीशी उभा. पलीकडून कोण उचलतंय याची वाट न पाहता जीननं सुरुवात केली असणार. विवेक मध्ये एक शब्द बोलला नाही. फक्त शेवटी थँक यू म्हणून त्यानं फोन ठेवला, आणि आईला सगळी नावं सांगितली. एकही चुकलं नव्हतं.

"तू जेवताना सांगत होतीस तो वॉल्टर आजही डिस्चार्जमध्ये नाही. मागच्या बुधवारपासून आहे ना?" त्यानं विचारलं.

"मंगळवारपासून," रमाबाई म्हणाल्या.

विवेक गाडीची किल्ली शोधू लागला. ताप आहे, दवाखान्यात येऊ नकोस, पेशंटांना लागेल, असं त्यांनी त्याला बजावलं. तो म्हणाला, आत येणार नाही, गाडीत बसून राहीन. आणि दीड तास तो खरंच हीटर लावून गाडीत बसून राहिला.