पहिला रँक आणि वडिलांची सही

"रँक मुलाचा आहे की तुमचा?" प्रोफेसर साहेबांनी शेवटी विचारलंच.

माझ्या ऑफिसात मुलाखत चालू होती. मी नंदुरबारच्या हायस्कुलात हेडमास्तर होतो, तेव्हाची ही गोष्ट. समोर मोतीलाल उभा होता, वर्गात कायम पहिला. शेजारच्या खुर्चीवर त्याचे वडील, भिकमचंदशेठ. मिरचीचे आडते, म्हणजे शेतकऱ्याचा माल व्यापाऱ्याला विकून देणारे.

मुंबईच्या एका कॉमर्स कॉलेजनं अर्ज मागवले होते. कॉमर्स म्हणजे हिशेब, बँका, व्यापाराचे कायदे. अर्जासोबत रँक, म्हणजे वर्गातला नंबर, हेडमास्तरच्या सहीनं लागायचा. पण नुसत्या रँकवर भागत नसे. खानदेशातून एकच मुलगा घ्यायचा होता, म्हणून प्रोफेसर स्वतः मुलाखती घेत फिरत होते. इथून त्यांना धुळ्याला जायचं होतं. तिथेही एक पहिला नंबरवाला वाट बघत होता. टांगा दाराशी उभा.

शेठजींना पाहून साहेब मराठीत बोलू लागले, आणि तिथेच घात झाला.

"मोतीलाल, कॉमर्स का निवडलंस?"

"पेढी वाढवाले!" शेठजी अहिराणीत.

"आवडता विषय?"

"हिशेब! पक्का शे त्याना."

मोतीलाल खाली मान घालून गप्प. वर्गात ज्याला गप्प बसवावं लागे, तो हा पोरगा! त्यांच्याकडे रीतच तशी. पेढीवर सौदा चालू असताना वडील बसलेले असले, की मुलगा तोंड उघडत नाही. आणि शेठजींच्या लेखी हाही सौदाच होता. मी हळूच म्हणालो, "शेठजी, त्याला बोलू द्या."

"सर, तो पोऱ्या शे. तो काय बोली? मी सांगस ना!"

त्यावर साहेबांचा तो रँकचा प्रश्न. शेठजींना टोमणा कळला नाही, ते कौतुकानं हसले. साहेबांनी पेनाला टोपण लावलं. चार वर्षं घासून तयार केलेला मुलगा डोळ्यांदेखत हातचा जात होता.

"सर, इंग्रजीत विचारा," मी म्हणालो. "तुमच्याकडे शिकायचं तेही इंग्रजीतच ना?"

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, मग शेठजींकडे. शेठजींना इंग्रजी येत नाही, हे साहेबांना कळलं.

पुढे पोरगा असा बोलला की बस! हुंडी म्हणजे काय, बँक व्याज कसं लावते, सगळं धडाधड. शेठजी एकदा याच्या तोंडाकडे, एकदा त्याच्या. मग साहेबांनी विचारलं, शिकून काय करणार? मोतीलाल इंग्रजीतच म्हणाला, "मला पेढीवर बसायचं नाही. मला ऑडिटर व्हायचंय." ऑडिटर म्हणजे दुसऱ्यांचे हिशेब तपासणारा.

मी चटकन शेठजींकडे पाहिलं.

साहेब खूश. "मी याचं नाव पक्कं करतो. वडिलांची संमती हवी, आत्ताच."

शेठजींनी टाक उचलला आणि थांबले. माल पाहिल्याशिवाय बोली न लावणारा माणूस तो.

"सर, मन्हा पोऱ्या काय बोलना?" त्यांनी मला विचारलं.

आली का पंचाईत! खरं सांगावं तर सही जाते. खोटं सांगावं तर चार वर्षांनी हाच माणूस माझ्या दारात उभा राहील, आणि त्याचं बरोबर असेल. शिवाय खोटं मी का बोलू? मी मोतीलालकडे वळलो आणि वर्गातल्या आवाजात म्हणालो, "तुझं उत्तर तू सांग."

त्यानं मान वर केली. बाहेर टांगेवाला खाकरला.

"बापूजी, मला पेढीवर बसायचं नाही."

शेठजींचा चेहरा पडला. "हाई तू सायबले सांगं? माले नही?"

"तुमच्यापुढे कधी बोललोच नाही, बापूजी."

साहेबांनी घड्याळ काढलं, पण पाहिलं नाही. शेवटी शेठजी माझ्याकडे बघून म्हणाले, "जो बापले तोंडवर 'नही' म्हनी सकस, त्याले मुंबईमा कोन फसाडी?" आणि सही ठोकली. टाकाचं टोक वाकलं.

जागा इथेच भरली होती, साहेब धुळ्याला गेले ते केवळ भेट द्यायला. मोतीलाल पुढे ऑडिटर झाला. शेठजी मात्र बाजारात मला पाहून वर्षभर तोंड फिरवत होते.

तेव्हापासून कुठल्याही अर्जावर रँक लिहिण्याआधी मी बाप-लेकाला समोरासमोर बसवत असे. त्यांचं काय भांडण व्हायचं ते होऊ देत असे. मगच सही करत असे.