सहाच्या विमानाला दहा वाजता

"सर्व संबंधितांस अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, येत्या रविवारी सकाळी सात वाजता आमचे ज्येष्ठ बंधू सपत्नीक समुद्रातून वर येत असून त्याच दिवशी सायंकाळी सहा वाजता ते आकाशात अंतर्धान पावतील. मधल्या अकरा तासांत त्यांना जमिनीवरून सुखरूप पार नेण्याची जबाबदारी खाली सही करणाऱ्या भगिनीने स्वीकारली आहे. कोणीही मध्ये लुडबूड करू नये."

हे निवेदन मी घरच्या ग्रुपवर टाकलं आणि स्वतःवरच इतकी खूश झाले की चहा उतू गेला तरी मला कळलं नाही. आमच्या घरात माझं खातं वाहतुकीचं. कुणाला कुठे पोचवायचं, कुणाला कुठून आणायचं, कोणती गाडी, कोणती बोट, कोणत्या सीटवर ऊन येतं, सगळं मी ठरवते. दादा मला मंत्रीणबाई म्हणतो. पन्नाशी उलटली तरी त्या हाकेनं मी फुगते.

दादा कोलकात्याला असतो. त्या वर्षी त्याच्या कंपनीनं काही लोकांना बायकांसकट क्रूझवर नेलं. मुंबईहून लक्षद्वीप आणि परत मुंबई. आधी दोन दिवस नागावला घरी यायचं, मग बोटीत चढायचं असा त्याचा बेत होता. पण रजा मिळाली नाही. तो विमानतळावरून थेट बंदरात गेला आणि आता बंदरातून थेट विमानतळावर जाणार होता. सोमवारी सकाळी तिकडे कोलकात्यात वहिनीच्या वडिलांच्या गुडघ्याचं ऑपरेशन होतं, त्यामुळे विमान चुकवून चालणार नव्हतं. म्हणजे घरी यायचं तर ते याच अकरा तासांत.

आणि घरी आई होती.

आईनं दादाला अडीच वर्षांत पाहिलं नव्हतं. आता 'पाहिलं' हा शब्द जपून वापरायला हवा. दिवाळीच्या आधी अलिबागच्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं की आईच्या डोळ्यांचा मधला भाग झिजतोय. कडेकडेचं दिसत राहील, समोरचं पुसट होत जाईल. पावसाळ्यापर्यंत माणसाचा चेहरा ओळखता येईल असं धरू नका. तेव्हाच आईला समोरच्याचं तोंड बघायचं झालं तर मान जरा बाजूला, दाराकडे वळवावी लागायची. मोबाइलवरच्या व्हिडिओत तर तिला दादाच्या जागी नुसता उजेड दिसायचा.

"त्याला सांगू नकोस हं," ती म्हणाली होती. "तो काय तिकडून डोळे पाठवणार आहे?"

मी सांगितलं नाही. दादाला वाटत होतं, आईला जरा मोतीबिंदू आहे. खरं काय ते फक्त मला ठाऊक होतं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं ऐकताना कुणी माझी उगाच बाजू घेणार नाही.

तर तयारी. वेब चेक-इन उघडायच्या आधी दहा मिनिटं मी फोन घेऊन बसले होते. खिडकीची सीट वहिनीला, कडेची दादाला, पंखाच्या जरा पुढे. बोर्डिंग पास फोनवर आले तरी मी अलिबागला जाऊन त्यांच्या चार-चार प्रती छापून घेतल्या. एक जोडी लॅमिनेट केली.

झेरॉक्सवाला म्हणाला, "ताई, विमानात बसायचंय की लग्नाचं आवताण द्यायचंय?"

"तू मशीन चालव," मी म्हटलं. "विमानाचं मी बघते."

गाडी आमच्या नेहमीच्या ड्रायव्हरची. माझ्याहून दोन-तीन वर्षांनी मोठा माणूस, अर्धं आयुष्य वडखळ नाक्यावर अडकून काढलेला. त्याला मी वेळापत्रक वाचून दाखवलं. पहाटे पाचला नागाव सोडायचं, साडेसातला बंदर, साडेआठला प्रवासी ताब्यात, समुद्रावरच्या नव्या पुलावरून नवीन विमानतळ, दहा वाजता हजर.

तो डोकं खाजवत म्हणाला, "ताई, इमान कितीचं हाय?"

"सहाचं."

"सांजचं?"

"संध्याकाळचं."

"आन आपन धाला जाऊन काय करायचं? झाडू मारायचा?"

मी खळखळून हसले आणि वेळापत्रकात काडीचा बदल केला नाही.

हे वेड माझ्या एकटीचं नाही. रेवसच्या लाँचनं वाढवलेल्या सगळ्या माणसांचं ते आहे. पूर्वी आम्हांला मुंबईला जायचं म्हणजे रेवसहून लाँचनं भाऊच्या धक्क्याला. आणि रेवसच्या खाडीत गाळ. ओहोटी लागली की लाँच धक्क्याला लागायची नाही. छापलेलं वेळापत्रक भिंतीवर असायचं, पण लाँच सुटायची ती पाणी असेल तेव्हा. एकदा आमचे वडील तरुणपणी मुंबईच्या एका कचेरीत मुलाखतीला निघाले. दहा मिनिटं उशीर झाला, तेवढ्यात लाँच गेली, आणि पुढची यायला सहा तास पाणी नव्हतं. मुलाखत गेली. ते पुढे अलिबागच्या शाळेत शिकवत राहिले, आनंदात राहिले, पण त्यानंतर कुठेही जायचं असलं की आम्हांला दोन-दोन तास आधी धक्क्यावर नेऊन बसवायचे. मासळीच्या टोपल्यांच्या रांगेत आम्ही भावंडं पेंगत बसलेले असायचो. आमच्या घरात वेळेवर पोचणं म्हणजे उशिरा पोचणं.

शनिवारी संध्याकाळी लॅमिनेट केलेले पास मिरवत मी घरी आले, तर आई स्वयंपाकघरात पाटावर बसून वाल सोलत होती. मोड आलेले वाल, कोमट पाण्यात. बिरड्याचे वाल एकेक करून सोलावे लागतात. बोटांत धरून दाबला की दाणा सालीतून सटकतो. त्याला डोळे लागत नाहीत म्हणा. पण वाल भिजत घालून मोड यायला दोन दिवस जातात. म्हणजे तिनं गुरुवारीच ठरवलं होतं.

"हे कुणासाठी गं?"

"खायला."

"एवढे?"

"का? तुम्ही खात नाही होय?"

मी पास दाखवले. तिनं हातात घेऊन कडा चाचपल्या, "छान झालंय, घट्ट आहे," म्हणाली आणि परत पाण्यात हात घातला. थोड्या वेळानं, वालांकडेच तोंड ठेवून, "ती गाड्या नेणारी बोट सकाळी नऊची असते ना गं अजून? मांडव्याची?"

"असते. पण दादाला वेळ नाही, आई. सहाचं विमान आहे."

"संध्याकाळचं सहा ना?"

"हो."

"बरं," आई म्हणाली.

एवढंच. तिनं हट्ट केला असता तर मी भांडले असते. भांडून हरले असते आणि दादाला घेऊन आले असते. तिला हट्ट करता यायचा नाही. आम्हांला हे पन्नास वर्षं सोयीचं पडलं होतं.

रविवारी सगळं माझ्या वेळापत्रकाप्रमाणे झालं, हेच वाईट झालं. जहाज वेळेवर लागलं. सामान रात्रीच खोल्यांबाहेर ठेवून घेतलं होतं, रंगीत चिठ्ठ्यांप्रमाणे लोक बाहेर येत होते, आणि आठ वाजून वीस मिनिटांनी दादा आणि वहिनी निळ्या चिठ्ठ्या गळ्यात घालून समोर उभे. दादा उन्हानं रापला होता. पोट सुटलं होतं. चालताना अजून जरा झुलत होता.

"मंत्रीणबाई, आम्ही आपल्या स्वाधीन," त्यानं हात जोडले.

मी फाइल उघडून पासांची प्रत त्याला दिली. वहिनी म्हणाली, "अगंबाई वन्सं, एवढ्या प्रती? रस्त्यात वाटायच्यात का?"

बंदराच्या बाहेर पडून थोडं पुढे आलो आणि सिग्नल लागला. इथून उजवीकडे भाऊचा धक्का. सरळ गेलं की पूल. ड्रायव्हरनं आरशातून माझ्याकडे पाहिलं.

"ताई, आता साडेआठ झालंत. नवाची बोट मिलते. गारी बोटीत घालू, धाला मांडवा, आक्राला घरी. दीडला निगलू की चाराच्या आत इमानतलावर. जाताना बोट नको, आलीबागवरनं रस्त्यानंच जायचं."

"आणि वडखळ?" मी म्हटलं. "रविवार आहे. दुपारी सगळी मुंबई परत निघते. अडकलो तर?"

"वरखलचं माज्यावर सोरा. मागचे रस्तं मला ठावं हायत."

दादा पुढे वाकला. "खरंच गं, जमेल का? आईला उभ्या उभ्या तरी भेटून…"

मला त्याचा चेहरा दिसत होता. त्याक्षणी एक वाक्य पुरलं असतं. दादा, पावसाळ्यापर्यंत तिला तुझं तोंड दिसेनासं होईल. पण माझ्या मांडीवर फाइल होती, फाइलीत वेळापत्रक होतं, आणि वेळापत्रकात नागाव नव्हतं. शिवाय मला आठवत होती ती गेलेली लाँच, जी मी पाहिलीसुद्धा नव्हती.

"दादा, उद्या सकाळी ऑपरेशन आहे वहिनीच्या वडिलांचं," मी म्हटलं. "विमान चुकलं तर ती आयुष्यभर ऐकवेल. गणपतीला निवांत ये."

"मी काहीही ऐकवणार नाही हं," वहिनी म्हणाली. "तुम्ही ठरवा."

मी ठरवलं. सिग्नल हिरवा झाला, आम्ही सरळ गेलो. पुलावर दादानं विचारलं, "आई कशी आहे गं? डोळ्यांचं काय?"

"उत्तम," मी म्हटलं. "तुझ्याहून चांगली दिसते."

दहाला पाच कमी असताना आम्ही विमानतळाच्या दारात. तिथल्या जवानानं कागद पाहिला, घड्याळ पाहिलं, परत कागद पाहिला. "मॅडम, छह बजे की फ्लाइट है। अभी सो जाओ कहीं।" सामान घेणारं काउंटर तीनला उघडणार होतं. आम्ही बाहेरच्या बाकावर बसलो. चकाचक नवीन विमानतळ, आमच्याच जिल्ह्यातला, घरापासून दोन तासांवर, आणि आमच्याकडे आठ तास.

मी डबा काढला. आईनं पहाटे चारला उठून बिरडं करून दिलं होतं, तांदळाच्या भाकऱ्या फडक्यात बांधून. दादानं बाकावर मांडी घातली आणि झाकणातच वाढून घेतलं. दोन घास खाल्ले आणि एक वाल बोटात धरून बघत बसला.

"एकही साल राहिलेली नाही," तो म्हणाला. "या वयात एवढे सोलत बसली?"

"कोण जाणे," मी म्हटलं.

बाराला त्यानं सगळे फोटो दाखवून संपवले. साडेबाराला वहिनी बसल्या बसल्या झोपली. एकला दादा म्हणाला, "आता आपण घरून निघायच्या तयारीत असतो." हसत म्हणाला. टोमणा मारायचा त्याचा स्वभाव नाही, म्हणून तो जास्त लागला. दीडला त्यानंच मला निघायला लावलं.

परतताना पेण गेलं, वडखळ आलं. पुलाखालून वळताना मी पलीकडच्या बाजूला पाहिलं. मुंबईकडे जाणारा रस्ता. त्या रविवारी काय झालं होतं देव जाणे, गाड्या सुसाट चालल्या होत्या. एक टेंपो, एक एसटी, मग बरंच अंतर मोकळं. ड्रायव्हरनंही पाहिलं. त्यानं फक्त गिअर बदलला.

दादा गणपतीला आला, कबूल केल्याप्रमाणे. पण तोवर डॉक्टरांचा अंदाज खरा ठरला होता. आईनं त्याला ओट्यावर बसवलं आणि त्याच्या तोंडावरून हात फिरवला. कपाळ, नाक, गाल. "जाड झालास," म्हणाली. दादा माझ्याकडे बघत होता. तोवर त्याला सगळं कळलं होतं, आणि 'तू मला सांगायला हवं होतंस' हे तो त्या दिवशी बोलला नाही, पुढेही कधी बोलला नाही. मी त्याची वाट बघते. बोलला तर मला जरा हलकं वाटेल.

पण तो रविवार. चारला घरी पोचले तेव्हा आई ओट्यावर बसली होती. नेसूचं लुगडं सणाचं, केसांत वाडीतल्या अबोलीचा गजरा. पाट मांडलेला नव्हता, रांगोळी नव्हती. तसं काहीच नव्हतं. ती फक्त नीटनेटकी बसली होती. गाडी थांबल्यावर तिनं मान दाराकडे वळवली, म्हणजे गाडीकडे पाहिलं. मी एकटीच उतरले. तिनं मान परत सरळ केली.

मी तिच्याशेजारी बसले आणि उसन्या उत्साहानं सगळं सांगायला लागले. जवानाची नक्कल केली, वहिनी कशी झोपली ते घोरून दाखवलं. आई हसली. दादानं बिरडं किती खाल्लं, ते तिनं दोनदा विचारलं.

तेवढ्यात फोन वाजला. दादाचा निरोप होता. मी अंगात आल्यासारखी उभी राहिले, पदर खोचला आणि विमानतळावरच्या बाईच्या आवाजात ओट्यावरून जाहीर केलं, "कृपया लक्ष द्या! कोलकात्याला जाणारं सहा वाजताचं विमान साडेतीन तास उशिरा, रात्री साडेनऊला सुटेल! प्रवाशांना होणाऱ्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत!"

आई हसली नाही. तिनं पटकन माझ्याकडे मान वळवली, मी कुठे उभी आहे ते शोधत, आणि तिच्या तोंडून निघून गेलं,

"मग तो तिथं बसून करतोय काय?"